लस पुण्याची, मग पुण्यातच टंचाई का? २०२१ च्या लसवादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ च्या मार्च ते जून या काळात मी पुण्याच्या हडपसर भागातल्या एका कोरोना लसीकरण केंद्रावर स्वयंसेवक होतो. ज्येष्ठांची कोविनवर (लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर) नोंदणी करून देणं, टोकन वाटणं आणि लस संपली की गेटवर जाऊन तसं सांगणं, ही माझी कामं. यातलं तिसरं सगळ्यात जड होतं. तेव्हापासून आजपर्यंत लग्नकार्यात, सोसायटीच्या बैठकीत, फोनवर लोक मला तेच ते प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. माझी बाजू रांगेत उभ्या राहिलेल्यांची आहे, हे आधीच सांगतो.

लस आपल्या हडपसरला बनत होती. मग हडपसरलाच का मिळत नव्हती?

गेटवर हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला एका रिक्षावाल्या काकांनी. हात लांब करून त्यांनी सीरम इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कोव्हिशील्ड लस बनवणाऱ्या कारखान्याच्या दिशेने दाखवलं आणि म्हणाले, "कारखाना तिथं, आन् तुम्ही म्हणता माल नाही?" धरण उशाला आणि कोरड घशाला, तशीच ती अवस्था होती. मला तेव्हा त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

उत्तर असं, की कारखान्याबाहेर पडलेली कुपी पुण्याची राहत नव्हती. १२ जानेवारी २०२१ ला पहाटे पूजा करून तीन वातानुकूलित ट्रक सीरममधून विमानतळाकडे निघाले, ते दृश्य आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ते डोस केंद्र सरकारने दोनशे रुपये अधिक कर या दराने विकत घेतलेले होते. त्या दिवशी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, गुवाहाटी अशा तेरा शहरांकडे माल रवाना झाला. पुढची व्यवस्थाही तशीच होती. माल कुठूनही निघो, कोणत्या राज्याला किती हा आकडा दिल्लीत ठरायचा, मग राज्य जिल्ह्याला द्यायचं, जिल्हा महापालिकेला आणि महापालिका लसीकरण केंद्राला. आमचं केंद्र या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला होतं. कारखाना जवळ असल्याचा त्यात काडीचाही उपयोग नव्हता.

दुसरं कारण साधं गणिताचं आहे. २०२१ च्या सुरुवातीला सीरम महिन्याला सहा ते सात कोटी डोस बनवत होती. देशातले प्रौढ साधारण ९४ कोटी, प्रत्येकी दोन डोस, म्हणजे जवळपास १८८ कोटी. एकट्या सीरमचा सगळा माल भारतातच ठेवला असता तरी दोन वर्षांच्या वर वेळ लागला असता. हैदराबादच्या भारत बायोटेकचं कोव्हॅक्सिन जोडीला होतं, पण सुरुवातीला त्याचं उत्पादन फारच कमी होतं.

आणि याच काळात, २१ जानेवारीला, सीरमच्या मांजरी इथल्या आवारात बांधकाम चालू असलेल्या इमारतीला आग लागून पाच कामगार गेले. कोव्हिशील्डचं उत्पादन दुसऱ्या इमारतीत होतं, ते थांबलं नाही, आणि बातमीही तेवढ्यावर संपली. लस बनवण्याच्या धावपळीचा हिशेब मांडताना ती पाच माणसं त्यात धरली पाहिजेत असं मला वाटतं.

कोव्हिशील्ड ही भारतीय लस की विलायती?

संशोधन ऑक्सफर्ड विद्यापीठाचं, हक्क अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीचे, उत्पादन पुण्याचं. सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सुरू केलेल्या सीरमने जून २०२० मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाशी करार केला: शंभर कोटी डोस, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी. या "देशांसाठी" शब्दावर थोडं थांबा. परवाना फक्त भारतासाठी नव्हताच.

त्यानंतर ऑगस्टमध्ये गावी ही आंतरराष्ट्रीय लससंस्था आणि गेट्स फाउंडेशन यांनी लस यशस्वी होण्याआधीच पैसे पुढे केले. बदल्यात दहा कोटी डोस, जास्तीत जास्त तीन डॉलरला एक, गरीब देशांना लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स या आंतरराष्ट्रीय योजनेसाठी राखायचे होते. पुढे हा आकडा वीस कोटींवर गेला. बांगलादेशाने आपला वेगळा करार केला. ब्रिटनने एक कोटी डोस मागितले. भारत सरकारची पहिली मागणी जानेवारी २०२१ मध्ये आली, १ कोटी १० लाख डोसची.

एका म्हशीच्या दुधाचा रतीब पाच घरांना लावला आणि प्रत्येक घराला "दूध तुमचंच" असं सांगितलं, तर काय होईल? म्हैस आटली नाही तरी पाचही दारांत भांडण होणार.

एप्रिल २०२१ मध्ये केंद्र आणि महाराष्ट्र यांच्यात जो वाद पेटला, त्यात खरं कोण बोलत होतं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर आधीच ठरवून हवं असतं.

घटनाक्रम असा. ७ एप्रिलला राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले की राज्यात १४ लाख डोस उरले आहेत, ते तीन दिवस पुरतील, आणि आम्हाला आठवड्याला ४० लाख हवेत. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी कडक शब्दांत पत्रक काढलं. काही राज्यं आपलं अपयश झाकण्यासाठी लोकांमध्ये घबराट पसरवत आहेत, असा त्याचा सूर होता. तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी आकडे मांडले: महाराष्ट्राकडे जवळपास २३ लाख डोस आहेत. राज्यात तेव्हा शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांचं आघाडी सरकार, केंद्रात भाजप. मग काय, टीव्हीवर दोन दिवस १४ विरुद्ध २३ असा सामना रंगला. तुमच्या घरात कोणता पक्ष, त्यावर तुम्हाला कोणता आकडा खरा वाटणार हे ठरलेलं.

पण ते २३ लाख नीट सोडवून पाहिले तर त्यातले सुमारे साडेसात लाख "पाइपलाइनमधले", म्हणजे अजून वाटेत असलेले होते. ते वजा केले की उरतात साधारण साडेपंधरा लाख. टोपे म्हणत होते १४. म्हणजे दोन्ही बाजूंमध्ये प्रत्यक्ष साठ्याबद्दल फार मोठा फरक नव्हताच. एकाने वाटेतला माल धरला होता, दुसऱ्याने नाही. वाटेतला डोस कुणाच्या दंडात टोचता येत नाही, एवढंच मी केंद्रावर उभा असलेला माणूस म्हणून सांगू शकतो.

त्याच आठवड्यात सातारा, सांगली, पनवेल इथली केंद्रं बंद पडली. मुंबईत बीकेसीच्या जम्बो केंद्रावरूनही लोक परत गेले. ९ एप्रिलला आमच्या गेटवर मी फळ्यावर खडूने लिहिलं: "लस शिल्लक नाही. उद्याचं सांगता येत नाही." दुसऱ्या वाक्यावरून दोन आजी माझ्याशी भांडल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, उद्याचं सांगायलाच हवं होतं.

महाराष्ट्राने पाच लाख डोस वाया घालवले, हे खरं का?

केंद्राच्या आकडेवारीत वापरलेल्या डोसपैकी सहा टक्के वाया गेल्याचं होतं, त्यावरून हा पाच लाखांचा आरोप झाला. डोस वाया कसा जातो ते आधी पाहू.

कोव्हिशील्डच्या एका कुपीत पाच मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरचे दहा डोस. कुपी उघडली की चार तासांत संपवायची. दुपारी साडेचार वाजता रांगेत सात माणसं उरली तर सिस्टरने काय करायचं? कुपी फोडली तर तीन डोस जाणार, नाही फोडली तर सात माणसं परत जाणार. आमच्या सिस्टर कुपी हातात धरून मला म्हणायच्या, "तीन माणसं आणा, मगच फोडते." मग मी फोन लावत बसायचो, समोरच्या किराणा दुकानदाराला, मंदिराच्या पुजाऱ्यांना, बसस्टॉपवरच्या काकांना. टंचाईच्या दिवसांत असं सांगायची वेळच आली नाही. सातच्या जागी सत्तर उभे असायचे.

शिवाय कुपीत थोडा जास्तीचा द्राव भरलेला असतो. हात सराईत असेल तर दहाच्या जागी अकरा डोस निघतात. केरळने याच हिशेबाने मिळालेल्या डोसपेक्षा जास्त लोकांना लस दिली आणि मे महिन्यात पंतप्रधानांनी तिथल्या नर्सेसचं जाहीर कौतुक केलं. वाया जाणं हे सुईवरच्या हाताशी, केंद्राच्या वेळेशी आणि रांगेच्या लांबीशी जोडलेलं होतं. त्यावरून एखाद्या पक्षाची लायकी ठरवणं मला तेव्हाही पटलं नाही.

राज्याने स्वतः परदेशातून लस का आणली नाही?

प्रयत्न झाला. १ मे पासून १८ ते ४४ वयोगट खुला झाला आणि त्यांच्यासाठीची लस राज्यांनी आणि खासगी रुग्णालयांनी स्वतः विकत घ्यावी असं केंद्राने ठरवलं. सीरमने राज्यांसाठी ४०० रुपये दर सांगितला, ओरड झाल्यावर तो ३०० केला. भारत बायोटेकचा ६०० वरून ४०० वर आला. केंद्राला मात्र तीच लस आता दीडशे रुपयांत. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले की बारा कोटी डोसचे पैसे एकरकमी चेकने द्यायला राज्य तयार आहे. चेक होता, माल नव्हता.

मुंबई महापालिकेने मे महिन्यात एक कोटी डोससाठी जागतिक निविदा काढली. आलेल्या बहुतेक बोली मध्यस्थांच्या होत्या, त्यातही बऱ्याचशा स्पुटनिक या रशियन लशीच्या, आणि एकाकडेही पुरवठ्याची पक्की कागदपत्रं नव्हती. निविदा गुंडाळावी लागली. फायझर आणि मॉडर्ना या अमेरिकी कंपन्यांनी तर दिल्ली आणि पंजाब सरकारला स्पष्ट सांगितलं की आम्ही फक्त केंद्र सरकारांशी व्यवहार करतो. १२ मे च्या सुमारास महाराष्ट्राला १८ ते ४४ चं लसीकरण थांबवून तो साठा ४५ च्या वरच्यांच्या दुसऱ्या डोसकडे वळवावा लागला.

माझं मत इथे स्वच्छ आहे. एकाच देशातल्या राज्यांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला उभं करणं ही मोठी चूक होती. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे च्या आदेशात १८ ते ४४ साठीचं धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक असल्याचं म्हटलं. ७ जूनला पंतप्रधानांनी खरेदी पुन्हा केंद्राकडे घेतली आणि २१ जूनपासून ७५ टक्के लस केंद्र घेऊन राज्यांना मोफत देऊ लागलं. दरम्यानचे सात आठवडे मात्र तरुण पोरं रात्री बारा-एक वाजता कोविनवर स्लॉट उघडतोय का ते बघत जागी होती.

आपली गरज असताना भारताने लस परदेशात का पाठवली?

२० जानेवारीला "व्हॅक्सिन मैत्री" सुरू झाली. पहिल्या दिवशी भूतानला दीड लाख आणि मालदीवला एक लाख डोस गेले, दुसऱ्या दिवशी नेपाळला दहा आणि बांगलादेशाला वीस लाख. ब्राझीलला माल निघाला तेव्हा तिथल्या अध्यक्षांनी संजीवनी घेऊन उडणाऱ्या हनुमंताचं चित्र टाकून आभार मानले. तेव्हा आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला, हे आज विसरून चालणार नाही. माझ्या फोनवरही ते चित्र चार जणांनी पाठवलं होतं.

मे पर्यंत सुमारे ६ कोटी ६० लाख डोस ९५ देशांत गेले. त्यात भेट म्हणून दिलेले फक्त एक कोटीच्या थोडे वर. साडेतीन कोटींहून जास्त सीरमने आपल्या करारांप्रमाणे विकलेले, आणि जवळपास दोन कोटी कोव्हॅक्सचे, म्हणजे ज्यांचे पैसे आधीच घेतलेले. म्हणून "सरकारने आपली लस फुकट वाटली" हे वाक्य अर्धवट आहे. मे महिन्यात दिल्लीत "हमारे बच्चों की वैक्सीन विदेश क्यों भेज दिया" अशी पोस्टर्स लागली, आणि ती लावणाऱ्या कामगारांना, रिक्षाचालकांना पोलिसांनी पकडलं. प्रश्न विचारणाऱ्याला पकडून प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि तो प्रश्न रास्तच होता.

माझ्या मते निर्यात ही चूक नव्हती. चूक आधीची होती. अमेरिका आणि ब्रिटनने २०२० च्या मध्यावर कोट्यवधी डोसची मागणी पैशांसकट नोंदवली. आपण जगातला सगळ्यात मोठा लसकारखाना शेजारी असताना जानेवारी उजाडेपर्यंत थांबलो. सीरमला तीन हजार आणि भारत बायोटेकला दीड हजार कोटी रुपयांची आगाऊ रक्कम मंजूर झाली ती १९ एप्रिलला, जेव्हा स्मशानात रांगा होत्या.

निर्यात थांबवली तेव्हा इतर देशांचं काय झालं?

याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मार्चच्या अखेरीस निर्यात जवळपास बंद झाली. बांगलादेशाने सीरमशी तीन कोटी डोसचा करार केला होता, महिन्याला ५० लाख याप्रमाणे. जानेवारीत ५० लाख आले, फेब्रुवारीत २० लाख, आणि मग काहीच नाही. लाखो लोक पहिला डोस घेऊन दुसऱ्यासाठी अडकले. ढाक्याने चीनकडे पाहिलं आणि १२ मे ला सायनोफार्मचे पाच लाख डोस भेट म्हणून उतरले. नेपाळने वीस लाखांचे पैसे मोजले, हाती दहा लाख आले. तिथेही पासष्टीपुढचे लोक दुसऱ्या डोसची वाट पाहत राहिले, आणि त्यांना तो ऑगस्टमध्ये जपानने कोव्हॅक्समार्फत दिलेल्या लशीतून मिळाला. माझ्या रांगेतल्या आजींची आणि काठमांडूतल्या आजींची अडचण अगदी एकसारखी होती. दोघींच्याही कार्डावर पुण्याच्याच कारखान्याची लस लिहिलेली.

भूतानची गोष्ट वेगळी आणि सुंदर आहे. लस हातात असूनही त्यांनी घाई केली नाही. पुरेसे डोस जमल्यावर, मुहूर्त पाहून, २७ मार्चला सुरुवात केली आणि दोन आठवड्यांत बहुतेक सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिला. दुसरा डोस मात्र भारतातून येऊ शकला नाही. जुलैमध्ये अमेरिकेने पाठवलेल्या मॉडर्नाच्या पाच लाख डोसनी काम पूर्ण झालं.

सगळ्यात मोठा फटका आफ्रिकेला बसला. कोव्हॅक्सची पहिली खेप, सहा लाख डोस, २४ फेब्रुवारीला घानात उतरली होती, तीही पुण्याचीच. कोव्हॅक्सने सगळी भिस्त एका पुरवठादारावर ठेवली होती आणि तोच हात आखडला. २०२१ संपताना आफ्रिकेतल्या दहा टक्के लोकांचंही लसीकरण पूर्ण झालेलं नव्हतं. भारतातून कोव्हॅक्सला माल पुन्हा जाऊ लागला तो नोव्हेंबरअखेर.

श्रीमंत देशांमध्येही भांडणं झाली का?

झाली, आणि कडाक्याची झाली. अ‍ॅस्ट्राझेनेकाने युरोपीय संघाला जानेवारी २०२१ मध्ये कळवलं की ठरलेला पुरवठा होणार नाही. ब्रिटनचा पुरवठा मात्र चालू होता. गंमत नाही, पण दोन्ही करार ऑगस्ट २०२० मधले, एका दिवसाच्या अंतराने सही झालेले. युरोपच्या करारात कंपनी "रास्त तेवढे सर्वोत्तम प्रयत्न" करेल असं लिहिलं होतं, आणि त्या तीन-चार शब्दांचा अर्थ काय यावर खटला ब्रसेल्सच्या कोर्टात गेला. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली.

त्याआधी २९ जानेवारीला युरोपने निर्यातीवर परवानगीची अट घातली आणि लस चोरवाटेने ब्रिटनला जाऊ नये म्हणून ब्रेक्झिट करारातलं, उत्तर आयर्लंडच्या सीमेवरचं आणीबाणीचं कलम लावायचं ठरवलं. काही तासांत ते मागे घ्यावं लागलं. मार्चमध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला निघालेले अडीच लाख डोस अडवले. त्याच महिन्यात रोमजवळच्या अनान्यी गावातल्या प्लांटमध्ये जवळपास तीन कोटी डोस सापडले, आणि ते ब्रिटनला जाणार की युरोपला यावर दोन दिवस काहूर माजलं. माणुसकी आणि मुक्त व्यापाराचे पाठ जगाला देणारी राज्यं होती ही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा नियम ब्रसेल्सलाही लागू पडला.

अमेरिकेने आपला कच्चा माल अडवला होता, ते खरं का?

अर्धं. अमेरिकेने युद्धकाळातला एक जुना कायदा वापरून लशीसाठी लागणारे फिल्टर, एकदाच वापरायच्या जैव-टाकीच्या पिशव्या वगैरे माल आधी आपल्या कंपन्यांना द्यायची सक्ती केली होती. नावाने निर्यातबंदी नव्हती, परिणाम तोच होता. सीरमचे प्रमुख आदर पूनावाला यांनी १६ एप्रिलला ट्विटरवर थेट अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन यांना हात जोडले. २५ एप्रिलला अमेरिकेने माल द्यायचं मान्य केलं. तोपर्यंत तिच्याकडे अ‍ॅस्ट्राझेनेकाचे कोट्यवधी डोस पडून होते, आणि त्या लशीला तिने स्वतःच्या देशात मंजुरीही दिलेली नव्हती.

लस देऊन किंवा रोखून देशांच्या निष्ठा विकत घेतल्या गेल्या का?

प्रयत्न उघडपणे झाले. काही ठिकाणी साधले, काही ठिकाणी अंगाशी आले.

पॅराग्वे हा तैवानला मान्यता देणारा छोटा देश. मार्च २०२१ मध्ये तिथल्या परराष्ट्र खात्याने सांगितलं की तैवानशी संबंध तोडा, चिनी लस मिळवून देतो, असे निरोप मध्यस्थांकडून येत आहेत. चीनने इन्कार केला. मग भारताने पॅराग्वेला कोव्हॅक्सिन पाठवलं, आणि तैवानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्यासाठी भारताशी बोलणं झाल्याचं जाहीरपणे सांगितलं. हैदराबादची कुपी तैपेईची मैत्री टिकवायला दक्षिण अमेरिकेत गेली, असं त्याचं सरळ वर्णन करता येईल.

तैवानची स्वतःची कथा तर आणखी बोलकी आहे. जर्मनीच्या बायोएनटेक या लसकंपनीशी त्यांचा सौदा जवळपास झाला होता. तैवानच्या आरोग्यमंत्र्यांनी सांगितलं की शेवटच्या क्षणी निवेदनातले "आपला देश" हे शब्द बदलायला सांगितले गेले, ते बदलूनही सौदा रखडला. शेवटी चिप बनवणारी टीएसएमसी, फॉक्सकॉन आणि एक बौद्ध सेवासंस्था यांनी मिळून दीड कोटी डोस विकत घेऊन सरकारला दिले. सरकारला जे शब्दावरून मिळालं नाही, ते कंपन्यांना मिळालं.

स्लोव्हाकियात पंतप्रधान इगोर मातोविच यांनी मित्रपक्षांना न सांगता रशियाच्या स्पुटनिकचा सौदा केला आणि १ मार्चला विमानतळावर स्वतः जाऊन खेप उतरवून घेतली. महिन्याभरात त्यांना पद सोडावं लागलं. इस्रायलमध्ये नेतान्याहू यांनी मित्रदेशांना लस वाटायला घेतली, तर देशाच्या महाधिवक्त्यांनीच ती थांबवली. आणि २ मार्च २०२२ ला संयुक्त राष्ट्रांत युक्रेनच्या ठरावावर बांगलादेश तटस्थ राहिला, म्हणून लिथुआनियाने त्यांना देऊ केलेले ४ लाख ४४ हजार डोस रद्द केले. न्यूयॉर्कमध्ये कुणी बाजू घेतली नाही, आणि त्याची किंमत बांगलादेशातल्या दवाखान्यात वाट पाहणाऱ्याला पडली. हा प्रकार मला सगळ्यात जास्त लागला.

आपल्याकडे लोकांनी पक्ष पाहून लस घेतली किंवा नाकारली का?

काही प्रमाणात हो. २ जानेवारी २०२१ ला अखिलेश यादव म्हणाले की मी भाजपची लस घेणार नाही. छत्तीसगडच्या काँग्रेस सरकारने तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांचे निष्कर्ष येईपर्यंत कोव्हॅक्सिन घ्यायला नकार दिला. तिथे शंकेला शास्त्रीय आधार होता, पण गावात पोचताना तिचं रूप "ही लस वाईट आहे" एवढंच उरलं. प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचा फोटो होता. मग छत्तीसगड आणि झारखंडने आपल्या खरेदीच्या डोसच्या प्रमाणपत्रांवर आपापल्या मुख्यमंत्र्यांचे फोटो लावले. केरळमध्ये एका नागरिकाने फोटोविरुद्ध याचिका केली, उच्च न्यायालयाने ती फेटाळून एक लाखाचा दंड लावला. माझ्या मते प्रमाणपत्रावर कुणाचाच फोटो नको होता.

आमच्या केंद्रावर मात्र दोन-तीन जणांनीच "कोणाची लस?" असं पक्षाच्या अर्थाने विचारलं. बाकीचे विचारायचे, "ताप येतो का?"

कोव्हिशील्ड घेतलेल्या विद्यार्थ्यांना परदेशात अडवलं, ते का?

१ जुलै २०२१ ला युरोपचा डिजिटल दाखला सुरू झाला, तेव्हा त्यांच्या यादीत युरोपात बनलेली अ‍ॅस्ट्राझेनेका होती, पुण्यात बनलेली नव्हती. सूत्र तेच, लेबल वेगळं. मग एकेका देशाने वेगळी मान्यता दिली. ब्रिटनने सप्टेंबरमध्ये कोव्हिशील्डला मान्यता दिली पण भारताच्या प्रमाणपत्राला दिली नाही, म्हणजे पोरांना दहा दिवस विलगीकरण. याच ब्रिटनने मार्चमध्ये पुण्याचे ५० लाख डोस आपल्या लोकांना टोचायला नेले होते. भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांवर तीच अट घातली, तेव्हा ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनची अट गेली.

त्याआधी जूनमध्ये परदेशी शिकायला निघालेल्यांसाठी दोन डोसमधलं ८४ दिवसांचं अंतर कमी करून २८ दिवसांनंतर दुसरा डोस मिळू लागला आणि प्रमाणपत्रावर पासपोर्ट क्रमांक आला. त्या दिवसांत आमच्या केंद्रावर विद्यापीठाची पत्रं फाईलमध्ये घेऊन मुलं-मुली यायची, सोबत आई-वडील. बोटीवर नोकरीला जाणाऱ्या कोकण-गोव्याच्या मुलांची वेगळीच कोंडी होती. कोव्हॅक्सिन घेतलेलं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी ३ नोव्हेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं.

हाफकिनला लस का बनवता आली नाही?

वॉल्डेमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, त्यांच्या नावाची परळची संस्था सरकारी आहे. तिला कोव्हॅक्सिन बनवण्यासाठी केंद्राने ६५ कोटी मंजूर केले, वर्षाला २२ कोटी ८० लाख डोसचं लक्ष्य ठरलं. पण जिवंत विषाणू हाताळायची प्रयोगशाळा महिन्याभरात उभी राहत नाही. गरज होती त्या महिन्यांत तिथून एकही डोस बाहेर पडला नाही. सरकारी लससंस्थांची उपेक्षा जुनी आहे. २००८ मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या तीन केंद्रीय संस्थांचे परवानेच स्थगित झाले होते. या संस्था धडधाकट असत्या तर सगळा भार दोन खासगी कंपन्यांवर पडला नसता.

पेटंट उठवण्याच्या मागणीचं काय झालं?

भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२० ला जागतिक व्यापार संघटनेत प्रस्ताव मांडला. अमेरिकेने ५ मे २०२१ ला लशींपुरता पाठिंबा दिला, जर्मनी विरोधात राहिली. निर्णय झाला १७ जून २०२२ ला, बराच पातळ होऊन. तोपर्यंत कोव्हिशील्डला मागणी उरली नव्हती आणि सीरमने तिचं उत्पादन थांबवलेलं होतं.

तुमच्या स्वतःच्या घरात काय झालं?

हेही बरेच जण विचारतात. आईने पहिला डोस १२ मार्चला घेतला, तिला २८ दिवसांनी या म्हणून सांगितलं होतं. २८ वा दिवस आला तोच ९ एप्रिल, फळ्यावर मी "लस शिल्लक नाही" लिहिलं तो. तोवर दोन डोसमधलं अंतर सहा ते आठ आठवडे झालेलंही होतं. मे मध्ये आम्ही दोनदा जाऊन परत आलो. १३ मे ला अंतर बारा ते सोळा आठवड्यांवर गेलं. अंतर वाढवल्याने संरक्षण वाढतं, याला शास्त्रीय आधार होता, पण आईला ते पटवणं मला जमलं नाही. ती एवढंच म्हणाली, "नाही म्हणून नाही, असं सांगा ना सरळ."

४ जूनला सकाळी सात वाजता ती टोकन क्रमांक ३१ घेऊन बसली. पावणेअकराला सिस्टरने तिच्यासमोर नवी कुपी फोडली. आईने चष्मा वर करून लेबल वाचलं, "पुणे" हा शब्द सापडेपर्यंत वाचलं, आणि मग बाही वर केली.